हळद पिवळी राहायला हवी

मी नेमकं काय काम करते हे आमच्या सिरसाळ्यात सगळ्यांना माहीत आहे, आणि खरं म्हणजे कुणालाच माहीत नाही. बाजारात दिसले की कुणीतरी शेजारच्याला सांगतंच, ती बघ, कापलेलं जोडणारी. एका बाईंनी तर फुटलेली प्लॅस्टिकची बादलीच माझ्यापुढे ठेवली होती. बादलीचं काम मला जमत नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की पीएचडीची नोंदणी रद्द करावी की काय असं मला वाटलं.

तर सांगून टाकते. मी हायड्रोजेल बनवते. हायड्रोजेल म्हणजे पोटात भरपूर पाणी धरून बसणारा मऊ, लिबलिबीत पदार्थ. माझं जेल स्वतःला सांधणारं आहे. सुरीने कापायचं, दोन्ही तुकडे एकमेकांना टेकवून ठेवायचे आणि थोडा वेळ त्यांच्या वाटेला जायचं नाही. मग ते एक होतात. टाच, गुडघा, बोटाची पेरं अशा सारख्या वाकणाऱ्या जागी जखम झाली की पट्टी टिकत नाही. दोन पावलं टाकली की सुटते, आणि जखम उघडी पडते. तिथे असं जेल बसवलं तर चालताना ते चिरलं तरी पुन्हा जुळेल आणि जखम झाकलेली, ओलसर राहील, असा सगळा विचार. विचार सोपा आहे. जेल मात्र आमच्या भाऊबंदांसारखं, कशावरून बिनसेल सांगता येत नाही.

माझी प्रयोगशाळा म्हणजे परळीच्या वाटेवरच्या एका कॉलेजच्या मागच्या दोन खोल्या. खिडकी उघडली की परळीच्या वीजकेंद्राची राख येते, बंद केली की जीव उकडतो. उन्हाळ्यात ताटलीत ठेवलेलं जेल दुपारपर्यंत वाळून पापड होतं. माझ्या गाईड मॅडम संभाजीनगरला असतात, एसीत. फोनवर त्या विचारायच्या, खोलीचं तापमान किती ठेवलंयस? मी म्हणायचे, मॅडम, ते आपल्याला विचारून ठरत नाही.

जेलचा मुख्य माल गवारीच्या बियांचा डिंक. तो सांधायला टाकणखार, सोनार दागिन्याला डाग देताना वापरतात तो. गवार हे नाव कळल्यापासून आमच्या काकांना माझं संशोधन घरचं वाटायला लागलं.

काकांबद्दल सांगायला हवं, कारण ही सगळी हकीकत त्यांच्या पायाची आहे. आईवडील नोकरीसाठी लातूरला, आणि मी लहानपणापासून काका-काकूंकडे वाढले. काकांची शेती बरी आहे, पण खरा धंदा पुढारपण. पंचायत समितीपासून दूध सोसायटीपर्यंत जिथे खुर्ची असेल तिथे ते एकदा तरी बसून आलेत. एका जागी फार वेळ बसणं मात्र त्यांना कधी जमलं नाही. जेवतानासुद्धा दोनदा उठून बाहेर कोण आलंय ते बघून येतात.

मी पहिल्यांदा जेल घरी आणलं तेव्हा ओसरीवर पाचपंचवीस माणसं जमली होती. काकांनी स्वतः सुरी घेतली, जेल कापलं, तुकडे टेकवले आणि लगेच एक टोक धरून उचललं. तुकडे सुटले. पुन्हा टेकवले, पुन्हा उचलले. काका, जरा थांबा, त्याला वेळ लागतो, मी म्हणत होते. काका म्हणाले, थांबलोच असतो तर पुढारी कशाला झालो असतो. शेवटी काकूने ताटली उचलून देवघरात नेऊन ठेवली. चहा होईपर्यंत जेल जुळलं होतं. त्यावर एक जुने कार्यकर्ते म्हणाले, हे आधी आपल्या पक्षाला लावा. काकांनीच सगळ्यांत मोठ्याने हसून घेतलं, कारण त्या वर्षी ते नेमके कुठल्या गटात आहेत हे त्यांनाही नीट सांगता येत नव्हतं.

आता पाय. काकांना साखरेचा आजार आहे. प्रचारात नव्या कोल्हापुरी वहाणेने उजव्या अंगठ्याखाली फोड आला, तो फुटला आणि त्याची जखम झाली. साखर असली की पायाला दुखणं कळत नाही, तसं काकांनाही कळेना. ते चालत राहिले. जखम भरत आली की चालायचे, ती उघडायची. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, दवाखान्यात राहा, पाय टेकवू नका, नाहीतर अंगठा जाईल आणि उशीर केला तर पायही. काकांनी मान डोलावली, डॉक्टरांच्या गावच्या निवडणुकीची चौकशी केली आणि घरी आले. घरी येऊन जाहीर केलं की दवाखान्याची गरज नाही, पोरीचं जेल होत आलंय.

मी जेवढ्या परींनी नाही म्हणता येतं तेवढ्या परींनी म्हटलं. हे अजून उंदरावरसुद्धा लावलेलं नाही, मग परवानग्या, मग कुठे माणसं, त्याला वर्षं जातील, असं सगळं सांगितलं. काकांचं त्यावर एकच, ‘‘आमी उंदरापरीस हलके हाव का?’’ माझी पंचाईत अशी की राजकारणात कुणी कुणाला नाही म्हणत नाही. तिथे नाही म्हणजे आत्ता नको, आणि आत्ता नको म्हणजे जरा आग्रह करा. मी जितकी ठाम नाही म्हणायचे तितका त्यांचा विश्वास वाढायचा. रोज संध्याकाळी फोन यायचा, कुठवर आलं? आणि तो फोन येतोय तोवर ते दवाखान्यात जाणार नाहीत, हे मला कळत होतं. काम करताना मला पहिल्यांदाच असं वाटायला लागलं की आपलं जेल पूर्ण फसावं आणि एकदाचं सगळ्यांना कळावं.

त्यात नवरात्र आलं. नवरात्रात आमच्याकडे बरेच जण अनवाणी राहतात. घट बसल्यापासून दसऱ्यापर्यंत पायात काही घालायचं नाही. काका हे तरुणपणापासून पाळत आले. या वर्षी तरी नको म्हणून काकूने हात जोडले, मी भांडले, अबोला धरला. काका म्हणाले, देवीचं चुकवलं तर पाय बरा कसा होईल? पुढाऱ्याशी वाद घालता येतो, भक्ताशीही घालता येतो, पण दोघं एकाच माणसात बसले की आपण गप्प बसावं. तर काका जखमी पायाने, अनवाणी, मातीतून, देवळातून, मंडळांच्या मांडवांतून फिरत होते.

खंडेनवमीला घरोघरी अवजारांची पूजा असते. नांगर, विळे, कोयते, ट्रॅक्टर, शिलाई मशीन, ज्याचं पोट ज्यावर चालतं ते धुऊन पुसून मांडायचं, त्याला हळदकुंकू वाहायचं. आमच्याकडे जीप आणि काकांचा माइक असतो. त्या वर्षी मी घरी जाऊ शकले नव्हते, कारण ताटल्यांमधलं जेल धुण्याचं काम चालू होतं. टाकणखार खारट, झोंबरा. जखमेला चालेल असं जेल हवं तर जादा खार पाण्याने धुऊन काढावा लागतो. मी पाणी बदलत होते, आणि धुतलेल्या पाण्यात खार ओळखणारी कागदाची पट्टी बुडवून बघत होते. पट्टी साध्या पाण्यात दाखवावा तसा रंग दाखवायला लागली आणि मी खूश झाले. फसावं असं वाटणारं जेल साधलं तर माणूस खूशच होतो, त्याला इलाज नाही.

दुपारी बाहेर जीप थांबली. काकू हातात पूजेचं ताट घेऊन आत आली. नऊ दिवसांच्या उपासाने चेहरा उतरलेला, पण हौस दांडगी. म्हणाली, पोरीची अवजारं बिनपूजेची राहिली तर कसं व्हायचं? तिच्यामागे काका, लंगडत, अनवाणी. अंगठ्याभोवती पाय सुजून चकाकत होता आणि वर राखमाती बसली होती. ते माझ्या एकुलत्या एक स्टुलावर बसले. ते आपण होऊन बसले याचीच मला भीती वाटली.

काकूने तराजूला हळद लावली, शेगडीला लावली, फ्रिजला लावली, भिंतीवरच्या स्विचबोर्डालाही लावली. मग तिने विचारलं, तुझं मुख्य अवजार कोणतं? मी काही म्हणायच्या आतच तिने ताटल्या पाहिल्या आणि हळदीचं बोट एकेका जेलला टेकवत गेली. मी अडवलं नाही. चार ताटल्या गेल्या तर गेल्या, सणाच्या दिवशी तिचं मन कशाला मोडा. हळदीची फेरी संपवून ती कुंकू घेऊन परत पहिल्या वस्तूपासून निघाली, आणि ताटल्यांपाशी येऊन थबकली.

तराजूवरची हळद पिवळी होती. फ्रिजवरची पिवळी होती. जेलवरची सगळी बोटं लाल झाली होती, चांगली गडद, जणू कुंकू आधीच कुणी लावून गेलं होतं.

काकूने ताट खाली ठेवून हात जोडले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कुंकवाची गरजच उरली नाही, देवीने स्वतः लावलं, असं ती म्हणत राहिली. काकांनी उठून वाकून पाहिलं. त्यांचा चेहरा असा उजळला, की एवढा उजळलेला मी तो निकालाच्या दिवशीसुद्धा पाहिला नव्हता. ते पुन्हा स्टुलावर बसले, धोतर वर घेतलं आणि उजवा पाय माझ्यापुढे केला.

‘‘लाव आता,’’ ते म्हणाले. ‘‘आता तर तिनंच सांगितलं.’’

मी त्या लाल बोटांकडे बघत उभी होते. हळद लाल होते ती खारामुळे. हळदीच्या डागावर साबण लावला की तो लाल होतो, हे धुणं धुणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेलं असतं. मी धुतलेलं पाणी तपासत बसले होते, जेलला ती कागदाची पट्टी लावलीच नव्हती. पाण्यातला खार गेला होता, पण जेलने आपल्या पोटातला धरून ठेवला होता. आणि ते जेल मी या पायावर लावावं म्हणून हा माणूस महिनोन्महिने थांबला होता.

आता हे सांगायचं कसं? काकूच्या डोळ्यांतलं पाणी अजून वाळलं नव्हतं. मी काही भाषण केलं नाही. खाराचं थोडं पाणी काचेवर घेतलं आणि तिच्याच ताटातली चिमूटभर हळद त्यात टाकली. ती लाल झाली. साध्या पाण्यात टाकली, ती पिवळी राहिली. मग सांगितलं, की जेलमध्ये खार उरलाय आणि हळदीने तो दाखवला. हे उघड्या जखमेवर लावलं असतं तर मांस जळलं असतं. आणि काकांच्या पायाला दुखणं कळत नाही, तेव्हा ते जळलेलंही कळलं नसतं.

काका काचेकडे बघत होते. मग त्यांनी पाय खाली घेतला आणि विचारलं, ‘‘मंग कधी होईल?’’

आतापर्यंत मी शंभर कारणं दिली होती. त्या दिवशी एकही दिलं नाही. म्हटलं, ‘‘काका, तुमच्या पायासाठी न्हाई होणार. कधीच न्हाई. तुमी थांबू नका.’’

हे त्यांना पोचलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना कुणाचा नकार ऐकून घेताना बघितलं. त्यांचा चेहरा एकदम म्हाताऱ्या माणसाचा झाला. मग हळू आवाजात, खिडकीकडे बघत ते म्हणाले, ‘‘तुझ्या आजोबाला पायाच्या बोटासाठी दवाखान्यात नेलतं. आणलं तवा पाय गुडघ्यापासून नव्हता. मीच नेलतं.’’

मला हे माहीत नव्हतं. आजोबांना पाय नव्हता एवढंच घरात माहीत होतं, कसा गेला ते कुणी बोलत नसे. देवी, जेल, प्रचार, सगळ्याच्या मागे हे लपलं होतं तर. मला त्यांचा राग येत होता तो गेला आणि रडू आलं. मी ते आवरलं नाही. काकाही रडले असते, पण बाहेर जीपमध्ये ड्रायव्हर होता.

काकूने मात्र तोवर ताट आवरलं होतं. ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

‘‘उठा,’’ ती म्हणाली. ‘‘देवीनं सांगितलं ते खरंच हाय. लावू नका म्हणून सांगितलं. आमीच उलटं समजलो. घट मी बघते, तुमी पाय बघा.’’

काका म्हणाले, उद्या दसरा आहे, घट उठू दे, परवा जाऊ. गावाचं सीमोल्लंघन दरवर्षी त्यांच्यामागे निघतं, वेशीबाहेर चालत जाऊन आपट्याची पानं घेऊन सगळे परततात. ते पुढे नसले तर लोक काय म्हणतील, हेही बोलून झालं. मी म्हटलं, आपल्या गावाची वेस ओलांडूनच अंबाजोगाईला जायचंय, सीमोल्लंघन एक दिवस आधी करू. काकूने त्यांचा हात धरला आणि ते उठले. जीपपर्यंत आमच्या दोघींच्या खांद्यांवर हात टाकून, उजवा पाय उचलून, लंगडी घालत गेले. तेवढी पावलं तरी तो पाय जमिनीला लागला नाही.

अंगठा गेला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की तो वाचण्यातला नाही, पण आणखी उशीर केला असता तर पायाबद्दलही हेच सांगावं लागलं असतं. शस्त्रक्रियेला नेताना काकांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की नर्सने तो सोडवून घेतला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी आधी चादर बाजूला करायला लावली आणि पाय आहे ना ते बघितलं. मग विचारलं, दसऱ्याला किती लोक आले होते?

लोक दसऱ्याला नाही, पण त्यानंतर दवाखान्यातच आले, खिशातून आपट्याची पानं घेऊन. सोनं घ्या, सोन्यासारखे राहा, असं म्हणत पलंगावर पानांचा ढीग झाला. नर्सने झाडून झाडून हात टेकले. अनवाणी राहण्याचा नेमही मोडला नाही, पलंगावर चप्पल कोण घालतं. काका पाय उशीवर ठेवून पडून होते. पहिले काही दिवस त्यांची तडफड बघवत नव्हती. मग हळूहळू त्यांनी पलंगावरूनच राजकारण चालवायला सुरुवात केली, आणि ते चालतं हे पाहून त्यांना जरा वाईटही वाटलं.

मी टाकणखार सोडून दिला. गाईड मॅडमना सगळं सांगितलं तेव्हा त्या आधी रागावल्या, मग हसल्या, मग म्हणाल्या की हळदीची चाचणी आता प्रत्येक ताटलीला कर, आणि पट्टी जेललाच लाव. आता मी गवारीचा डिंक दुसऱ्या पद्धतीने सांधते, त्यात कोळंबीच्या सालीपासून काढलेला एक पदार्थ लागतो. काकू वशाटाला शिवत नाही, तेव्हा हे तिला सांगितलेलं नाही. काकांना सांगितलंय. ते म्हणाले, आपल्या दोघांत राहू दे.

यंदाच्या खंडेनवमीला काकू पुन्हा ताट घेऊन आली. काका बरोबर होते, पायात डॉक्टरांनी सांगितलेला बूट घालून. अनवाणी राहायचं काकूनेच देवीला सांगून माफ करून घेतलंय, असं ती म्हणते. तिने जेलला हळदीचं बोट लावलं आणि आम्ही तिघंही ताटलीवर वाकून बघत राहिलो. हळद पिवळी राहिली. काकूचा चेहरा जरा पडलाच, तिला अजून मनातून कुंकू हवं होतं. तिने ते आपल्या हाताने लावलं आणि म्हणाली, बरं, यंदा माझ्या हातचं.

‘‘पिवळी राहिली न्हवं?’’ काका म्हणाले. ‘‘मंग आता लाव.’’

मी म्हटलं, लावायला जखम कुठं राहिलीय, काका? त्यांनी बुटाकडे पाहिलं. खरंच नव्हती. कातडी कधीच भरून आली होती, अंगठा होता तिथे आता गुळगुळीत होतं. त्यांनी उंदरांचं काय झालं ते विचारलं. मी सांगितलं की त्यांचा नंबर पुढच्या वर्षी, परवानगी आली तर. मग उंदरांनाही थांबायला सांग, म्हणाले.

मग त्यांनी सुरी मागितली. जेल कापलं, दोन्ही तुकडे ताटलीत शेजारी टेकवले. माझा हात आपोआप पुढे गेला, ते आता उचलतील म्हणून. त्यांनी उचललं नाही. स्टूल ओढून घेतलं, बसले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. बाहेर कुणीतरी त्यांना भेटायला आलं होतं, आवाज देत होतं. काकूने दारापर्यंत जाऊन सांगितलं, थांबा जरा, ते बसलेत.

जेल जुळेपर्यंत काका तिथेच बसून होते.